छत्तीस पूर्णांक दोन

मी बाजाराच्या फाटकावर उभा असायचो,
हातात पिस्तुलासारखं थर्मामीटर.
येणाऱ्याच्या कपाळावर नेम धरायचा,
आकडा मोठ्याने वाचायचा,
आत सोडायचं.
छत्तीस पूर्णांक दोन. चला.
छत्तीस पूर्णांक दोन. चला, आजी.
लिमाच्या धुक्यात त्या यंत्रालाही गारठा झाला असावा;
महिनाभरात ताप म्हणून त्याने
कोणाचा सांगितला नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांचे.
मंगळ, गुरू, शनी बायकांचे.
रविवारी रस्ता कुत्र्यांचा.
असं टीव्हीवर सांगितलं
आणि आमच्या टेकडीने ऐकलं.
खरंच ऐकलं. उगाच कोणी म्हणू नये
की गरिबाला शिस्त नसते.

हात धुवा, म्हणाले.
ज्यांचं हातावर पोट
त्यांनी हात जपूनच धुतले.
पाण्याचा टँकर दोनदा यायचा आठवड्यातून.
निळी पिंपं दीड दीड मीटरवर
अगदी शहाण्यासारखी उभी,
आणि माणसं भिंतीच्या कडेला घोळक्याने
आपापल्या पिंपावर लक्ष ठेवून.

आठवड्याचं एकदम भरा, म्हणाले.
आमच्या जिन्यावरच्या एकोणीस घरांत फ्रीज एक,
तोही यानिनाचा, आणि त्यात
सगळ्यांची इन्सुलिनं.
मासा संध्याकाळपर्यंतच मासा असतो.

संचारबंदी सहाला.
म्हणून साडेपाचला सगळे एकदम निघायचे,
सोळा जणांच्या गाडीत सव्वीस,
खिडक्या बंद, कारण थंडी,
आणि पोरगा दारात लटकून ओरडायचा,
अंतर ठेवा, अंतर ठेवा, आत सरका.

फोर्तुनातो चपला शिवायचा.
अठ्ठावीस वर्षांच्या संसारात
भाजी आणायची वेळ प्रथमच आलेली.
एउदोसियाने चिठ्ठी दिली होती,
ती वाचवेना; चष्म्यावर स्वतःच्याच श्वासाची वाफ.
मग फोन.
वाकाताय म्हणजे बारीक पानांचा की रुंद?
काय?
पान! पान कसलं?
नीट बोल, तोंडात काय कोंबलंयस?
त्याने मास्क हनुवटीखाली ओढला
आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी
त्या पाल्याची चौकशी केली.
बटाटेवाली हसली. हसताना तिचाही मास्क खाली आला.
मीही हसलो.
किती दिवसांनी दात पाहिले होते कोणाचे.

पुढच्या शुक्रवारी तो फोनच्या भानगडीत पडला नाही.
जुडी घेऊन सरळ फाटकावर आला.
तू खेड्यातला, तुला कळेल, म्हणाला,
हुंगून सांग, हाच ना?
मी हुंगलं.
जुडीला वास नव्हता.
सकाळी क्लोरीनलाही नव्हता;
कंत्राटदाराने पाणी घातलं असेल, मी म्हटलं,
तो घालतोच.
तरी पिस्तूल वळवून
एकदा स्वतःच्या कपाळाला लावलं होतं.
छत्तीस पूर्णांक दोन.
एक दिवस घरी बसलो तर एका दिवसाचे पैसे जातात,
हे त्या यंत्रात कुठे दिसत नाही.

हाच, मी म्हटलं.
जुडी त्याच्या हातात दिली.

एउदोसिया उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.
बायकांच्या दिवशीसुद्धा नाही;
तिचे गुडघे, आणि ते दोनशे चौदा पिवळे जिने.
त्याच जिन्यांवरून पोराने सिलिंडर वर नेला,
रिकामा खाली आणला,
पुन्हा रांग, पुन्हा वर.
ऑक्सिजनच्या रांगेतही लोक
एकमेकांना खेटूनच होते. रांग तुटली तर जागा जाते.

नियम कोणी मोडला, असं विचारायला
महापालिकेची एक मुलगी आली होती, वही घेऊन.
मी आठवून आठवून पाहिलं.
शुक्रवार पुरुषांचाच होता.

आता फाटक उघडंच असतं.
फोर्तुनातो रोज येतो, वार न बघता.
परवा थांबला, म्हणाला,
ती जुडी वाकातायची नव्हती रे.
मग?
कुठलातरी रानपाला.
तिने पाहताच ओळखला,
पण तू आणलास ना, म्हणाली,
आणि घातला सारात.

मला वास अजून आलेला नाही.
मी मान हलवली, आणि सवयीने
त्याच्या कपाळाकडे पाहिलं.